लताबाईंचा न्यू फोल्डर

माझं पूजासाहित्याचं दुकान आणि लताबाईंचं डीटीपीचं दुकान यांच्यात एकच भिंत आहे, त्यामुळे पलीकडची भांडणं मला फुकटात ऐकू येतात. लताबाई पत्रिका करून देतात. लग्नाच्या करतात आणि दशक्रियेच्याही. पंचवटीत रामकुंड हाकेच्या अंतरावर, तेव्हा दुसऱ्या कामाला मंदी कशी ती नाही.

बाई मुलखाची हट्टी. कॉम्प्युटर इतका जुना की त्याचा पांढरा डबा पिवळा पडलाय आणि दर दसऱ्याच्या हळदीकुंकवाने बटण लाल झालंय. नवा घ्या म्हटलं की म्हणतात, "नव्यात माझे मराठी फॉन्ट चालत नाहीत, भाऊ." विषय संपला.

गेलेल्या माणसाचा फोटो मात्र त्या कधी पुसत नाहीत. वर्षश्राद्धाला, पुण्यस्मरणाला घरचे येतात आणि मागच्या वेळचाच फोटो मागतात. मूळ फोटो कोणाकडेच नसतो. पण हे फोटो ठेवायचे कुठे? ज्या मशीनवर आधी गणपती टाकून लग्नपत्रिका सुरू करायची, तिथे 'दशक्रिया' असं नाव टाइप करायला त्यांचा हात धजत नाही. बांगडी फुटली की ती वाढवली म्हणायचं, निघताना 'येतो' म्हणायचं, त्यातलंच हे. म्हणून लग्नं सगळी 'शुभकार्य' नावाच्या फोल्डरात, आणि गेलेली माणसं 'न्यू फोल्डर'मध्ये. कॉम्प्युटरने आपणहून दिलेलं नाव. बाईंनी ते बदललंच नाही, म्हणजे अशुभ काही लिहिल्याचा दोषही नाही.

परवा डिस्क भरली. अर्धी पत्रिका झालेली आणि मशीन म्हणतंय, जागा नाही. दुरुस्तीवाला योगेश आला. म्हणाला, "ताई, जुनं पुसा की थोडं."

"माणसं पुसू?" लताबाई कडाडल्या. भिंतीअलीकडे माझा नारळ हातातून सुटला.

मग योगेशने मोठी हार्ड डिस्क आणली, जुनीवरचं सगळं नवीवर घेतलं म्हणाला, जुनी डिस्क बॅगेत टाकली आणि गेला. जाताना सांगून गेला की आता बरीच वर्षं बघायला नको.

दुसऱ्या दिवशी दुपारी येवल्याकडच्या एसटीने बायडाबाई आल्या. गेल्या वर्षी त्यांचा एकुलता एक नवनाथ मोटारसायकलवरून पडून गेला. मोबाइलही त्यात फुटला. एका मित्राकडे वरातीतला फोटो होता, त्यातून लताबाईंनी नवनाथला वेगळा काढला, गालावरचा गुलाल पुसला, कॉलर नीट केली. मित्राने तो फोटो केव्हाच काढून टाकला. घरातली तसबीर पत्र्यातून गळलेल्या पाण्याने खराब झाली, चेहरा काचेला चिकटून गेला. उद्या रामकुंडावर वर्षश्राद्ध होतं.

"तेवढा फोटू काढून दे, ताई. दुसरा नाय माझ्याकडं."

लताबाईंनी नवी डिस्क उघडली. शुभकार्य होतं. न्यू फोल्डर नव्हता. त्या मला हाक मारायला आल्या तेव्हा चेहरा पांढराफटक पडला होता. सगळी गेली, भाऊ, एवढंच म्हणाल्या.

योगेशला फोन लावला. उचलेना. पुन्हा लावला, पुन्हा. तोवर बायडाबाईंना काय सांगायचं? लताबाई म्हणाल्या, "लाइट गेलीय, मावशी. बसा जरा."

डोक्यावर पंखा गरगरत होता. बायडाबाईंनी एकदा वर पाहिलं आणि पदराने मान पुसली. मला तर जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. खोटं बोलायचं तर निदान पंखा तरी बंद करावा माणसाने!

अखेर योगेशने फोन उचलला. तो ओझरला होता, गाडीवर असल्याने कळलं नाही म्हणाला. बायडाबाईंना ऐकू जाऊ नये म्हणून आम्ही दोघं माझ्या दुकानात फोन स्पीकरवर टाकून उभे.

"तो न्यू फोल्डर? ताई, प्रत्येक मशीनवर असतो तसला कचरा. मी घेतलाच नाही."

"जुनी डिस्क कुठंय?"

"इथल्या दुकानाच्या कॅमेऱ्याच्या रेकॉर्डरला बसवतोय. चालू केला की तो आधी डिस्क साफ करून घेतो."

लताबाईंनी माझा दंड इतका घट्ट धरला की नखं रुतली. "चालू केलास?"

पलीकडे कोणाशी तरी बोलणं ऐकू आलं. मग तो म्हणाला, "स्क्रू आवळलेत. वायर लावायची बाकी आहे."

"हात लावू नकोस! तशीच घेऊन ये!" बाई ओरडल्या आणि रडू लागल्या.

योगेश येईपर्यंत माझ्या जिवात जीव नव्हता. रस्त्यात पडली तर? धक्का लागला तर? आल्या आल्या त्याने ती डिस्क उघडीच लताबाईंच्या टेबलावर ठेवली, वायरी जोडल्या. डिस्क कुरकुरली, थांबली, पुन्हा कुरकुरली. मग एकेक चेहरा पडद्यावर उतरू लागला. नवनाथ दिसला तशा बायडाबाई पुढे सरकल्या आणि काचेवर त्याच्या कॉलरला हात लावला.

पहिली प्रत घेतल्यावर त्या स्टुलावर ताठ बसल्या. "आता माझा बी काढ. त्याच्या शेजारी ठेव. माझ्यामागं कोन येनार हाय तुझ्याकडं धावत?"

लताबाईंनी फोटो काढला, पण तो न्यू फोल्डरात टाकायला हात उचलेना. जिवंत माणसाला तिथे ठेवत नाहीत.

"ठेवते हं, मावशी," त्या म्हणाल्या. त्यांनी शुभकार्य उघडलं, लग्नाच्या पत्रिकांमध्ये बायडाबाईंना ठेवलं. मग न्यू फोल्डर उघडून नवनाथला तिथून उचललं आणि आईच्या शेजारी आणून ठेवलं.