मटण सोडलं आणि जमीन थांबली

भूकंप मीच थांबवला, असं आमच्या गल्लीतल्या लोकांचं मत होतं. मी फक्त त्याला फार जोरात नाही म्हटलं नाही.

किल्लारीकडची गावं त्या पहाटे आडवी झाली. त्यावर मी एक शब्द गमतीनं बोलणार नाही. मी बोलतोय ते आमच्या लातुरातल्या गल्लीबद्दल, जिथं भिंतींना तडे गेले, भांडी पडली आणि वीस-पंचवीस माणसं अंगावर असेल त्या कपड्यांत लिंबाखाली जमली. मी बनियनवर होतो. जमीन चाळणीसारखी हलत होती. मी झाडाला मिठी मारली आणि अख्ख्या जिल्ह्याला ऐकू जाईल असा ओरडलो, “आई जगदंबे, थांब! मटण सोडलं!”

जमीन थांबली.

ती थांबणारच होती. मी फिजिक्सचा मास्तर, मला कळतं. माझं वाक्य नेमकं शेवटच्या क्षणाला पडलं, एवढंच. मटणच का म्हणालो? दारू पीत नव्हतो, तंबाखू सोडायची तयारी नव्हती. तिसरं काय उरतं?

पुढे धक्के येतच राहिले. बारीक, पण येत राहिले. आणि धक्का आला की गल्लीतली पहिली नजर माझ्या दारावर. समोरच्या काकू एकट्या राहायच्या. त्यांचं दगडमातीचं घर धडधाकट उभं होतं, पण त्या दिवसापासून त्यांनी उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नव्हतं. बाहेर चार पत्रे, त्याखाली बाज, आणि त्यांचा खोकला. धक्का बसला की त्या तरातरा यायच्या, “मास्तर, हात दाव.” मी हात पुढे करायचो. त्या माझी पाचही बोटं हुंगायच्या. “बेसन हाय,” असा निकाल द्यायच्या आणि गल्ली हुश्श करायची.

“आत झोपा की काकू, थंडी पडली,” मी म्हणायचो.

“तू पक्का झालास की जाते. तुजं काई खरं न्हाई. जीभ लई लांब हाय तुजी.”

खाटिकाकडे जाऊन पाहिलं. तीन पिढ्यांचं दुकान, आमच्या घराशी बापापासूनचा व्यवहार. मला पाहताच त्यानं सुरी खाली ठेवली.

“सर, तुमाला देत न्हाई.”

“अरे, पाहुणे आलेत.”

“पाहुन्यांना पाठवा. माझे लेकरं बी पत्र्याखाली झोपून राहिले. तुमच्या पाव किलोसाठी मी पुरं लातूर हलवू का?”

मग लिंबाखाली अंड्यावर बैठक बसली. अंडं चालतं की नाही, यावर दोन तास काथ्याकूट झाला. शेवटी ठरलं की मटणाला मोठा धक्का, अंड्याला बारीक. पण बारीक तरी कशाला घ्या.

तेव्हा लातुरात शिकवण्यांना ऊत आला होता. जिथं गोठा होता तिथं क्लास, जिथं क्लास होता तिथं माळ्यावर दुसरा क्लास. मीही पत्र्याच्या शेडमध्ये साठ पोरांना लाटा शिकवायचो. फळ्यावर पृथ्वी कापून दाखवली, आतले थर काढले, जमीन का हलते ते घसा फोडून सांगितलं. रेणापूरची एक पोरगी उठली, “सर, मग तुम्ही मटण का खात नाही?”

“हा प्रश्न परीक्षेला येणार नाही. खाली बस.”

बायको येसराच्या, म्हणजे भाजक्या धान्य-मसाल्याच्या पिठाच्या, आमटीत वांगं टाकायची. मी डोळे मिटून ते बोकडाचं समजून चावायचो. एक दिवस ती म्हणाली, “अहो, खा नाही तर सोडा, पण एकदाचं ठरवा. वांग्याला असं तोंड करून खाणारा माणूस मला रोज बघवत नाही.”

तिचं बरोबर होतं. मी ठरवलं: खायचं. विज्ञानाचा माणूस आहे मी! पण लातुरात नको. पहाटेची एस्टी धरली आणि नांदेडला ताईकडे गेलो. इतक्या लांबून लातूर काय हलणार?

ताईनं पातेलंभर रस्सा केला. तर्री अशी, की तिच्यात मला माझा चेहरा दिसला, आणि तो चेहरा हसत होता. भाकरी मोडली, घास बुडवला, तोंडाजवळ नेला. आणि ताट थरथरलं. तांब्या वाजला. रश्श्यावर लाटा उठल्या, मी फळ्यावर काढतो तशाच.

पुढचं मला आठवत नाही. भान आलं तेव्हा मी अंगणात होतो, ताट छातीशी, अर्धा रस्सा शर्टावर, आणि मी ओरडत होतो, “खाल्लं नाही! अजून खाल्लं नाही!”

ताई दाराला धरून हसत होती. “येड्या, मालगाडी हाय! रोज जाती!”

तिचं घर रुळांपासून दहा ढांगांवर होतं.

तिनं पुन्हा वाढलं. पण घास काही उचलला गेला नाही. मी भाकरी आणि ठेचा खाऊन परतीची गाडी धरली.

गल्लीत शिरलो तेव्हा काकू बाजेवर बसल्या होत्या. हात हुंगायची गरजच पडली नाही, शर्टाचा वास कोपऱ्यापर्यंत गेला होता. त्यांचा चेहरा उतरला.

“खाल्लास?”

थाप मारायला मी जन्मात कधी लाजलो नाही. पण त्या खोकल्यासमोर थाप सुचेना. सगळं सांगितलं. एस्टी, रस्सा, मालगाडी, अंगण.

“म्हंजी पळालास?”

“पळालो.”

“फिजिक्सचा मास्तर, आन् ताट घिऊन पळाला?” त्या हसायला लागल्या. हसता हसता खोकल्या, खोकून पुन्हा हसल्या. पत्र्याखाली आल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. “आरं, मला वाटायचं, मी एकलीच भेऊन ऱ्हायले. देवाच्या भ्यानं सोडलं असतंस तर उद्या पुन्हा धरलं असतंस. आता सोताच्याच भ्यानं सोडलंस. आता पक्कं हाय.”

त्यांनी गोधडी उचलली. “बघतोस काय? धर तिकडून.”

आम्ही दोघांनी बाज उचलून उंबऱ्याच्या आत नेली. भिंतीपासून हातभर लांब ठेवली, डोकं दाराकडे. आतून कडी मात्र त्यांनी लावली नाही.

घरी आलो. बायकोनं शर्टाकडे पाहिलं आणि ताट वाढलं. येसराच्या आमटीतलं वांगं मी त्या दिवशी खाल्लं, डोळे उघडे ठेवून.