डावा खांदा, उजवा खांदा

जयपुरात गाडी दोन दिवस पुसली नाही की तिच्यावर धुळीचा थर बसतो. आमच्या सोमवारच्या मंडळाच्या गाड्यांवर किश्श्यांचाही असाच थर बसत गेला आणि तो पुसायचं कुणाच्या मनातही आलं नाही. मंडळ म्हणजे तरी काय, मुरलीपुऱ्यात राहणाऱ्या आम्ही तिघी. मी, माझ्या सासूबाई माई आणि शेजारच्या शुभावहिनी. त्यांचे मिस्टर रेल्वेत, माझे विम्यात. दर सोमवारी दोन जुन्या स्कूटर काढायच्या आणि महादेवाला जायचं.

माईंचे सोळा सोमवार चालू होते. साताऱ्याला त्यांची थोरली बहीण, अक्का, पडली आणि खुब्याचं हाड मोडून अंथरुणाला खिळली. 'अक्का आपल्या पायांनी तुळशीपर्यंत जाऊ दे,' एवढंच माईंचं मागणं. व्रताला त्यांनी स्वतःचा एक नेम जोडला होता. सोमवारी उठल्यापासून दर्शन होईपर्यंत मौन. वाटेत एक शब्द जरी निघाला तरी सोळा सोमवार पुन्हा पहिल्यापासून.

\*

मौन पाळणारं माणूस स्कूटरवर मागे बसलं की पुढच्याला सांगणार कसं? उपाय माईंनीच काढला. डावा खांदा दाबला की 'हळू'. उजवा दाबला की 'फुलवाला आला, थांब'. आमचा फुलवाला देवळाच्या अलीकडे कडुनिंबाखाली बसतो, म्हणजे उजवा खांदा वाटेत एकदाच.

डाव्याचं मात्र तसं नव्हतं. रिक्षा दिसली, दाबला. कुत्रं दिसलं, दाबला. लांबवर सिग्नल हिरवा दिसला तरी दाबला, कारण तो पुढे लाल होणारच! पहिल्या सोमवारी रात्री मी खांद्याला तेल चोळत बसले होते, तेव्हा ह्यांनी विचारलं, "पूजा करून आलीस की कुस्ती?"

\*

शुभावहिनींच्या गाडीचे ब्रेक कधी झिजतच नाहीत. त्या पाय टेकवून गाडी थांबवतात. गाडीला काही होत नाही, चपला मात्र टाचेकडून पातळ होत होत संपतात.

एका सोमवारी देवळाबाहेरून त्यांच्या चपला चोरीला गेल्या. परतताना त्या गाडीवर बसेचनात.

"अहो, अनवाणी बसा की," मी म्हटलं.

"बसते गं. पण थांबवू कशी?"

शेवटी मी त्यांना माझ्या चपला दिल्या. अनवाणी मी चालवली.

\*

एका सोमवारी ह्यांना सुट्टी होती, म्हणून आम्ही कारने निघालो. अभिषेकाच्या दुधाची कळशी घेऊन माई मागच्या सीटवर बसल्या होत्या. बनी पार्कपाशी एक बाई अचानक आडवी आली आणि ह्यांनी करकचून ब्रेक मारला. कळशीतलं निम्मं दूध उडालं ते थेट ह्यांच्या मानेवर. माई बोलू शकत नव्हत्या. त्यांनी नुसता रुमाल पुढे केला.

हे कॉलर पुसता पुसता आम्हाला शिकवू लागले. "गाडी थांबते तेव्हा सगळं वजन पुढच्या चाकांवर येतं. म्हणून पुढचे ब्रेक जास्त काम करतात आणि आधी झिजतात. आपल्या कारचे पुढचे पॅड दोनदा बदलले, मागचे अजून तसेच आहेत."

"वजनाचं मला कळत नाही, भाऊजी," शुभावहिनी म्हणाल्या, "पण आज अभिषेक कुणाला झाला ते दिसलं."

\*

पुढे माझी स्कूटर सर्व्हिसिंगला गेली. मेकॅनिकने दोन्ही चाकं उघडून दाखवली. मागच्या ब्रेकचा लायनर पार घासून पत्रा लागायला आलेला, पुढचा दुकानातून आत्ता आणल्यासारखा.

"भाभीजी, आगेवाला ब्रेक क्या अगरबत्ती दिखाने के लिए रखा है?"

एकाच घरात कारचं एक आणि स्कूटरचं बरोबर उलटं. कारण साधं होतं. गाडी शिकवताना भावाने सांगितलं होतं, 'पुढचा ब्रेक दाबलास तर तोंडावर पडशील.' ते डोक्यात बसलं ते बसलंच. पुढच्या ब्रेकची मूठ उजव्या हाताला, मागच्याची डाव्या. त्यात माई डावा खांदा दाबणार आणि माझा डावा हात आवळला जाणार.

"माई, हा लायनर तुम्ही झिजवलाय," मी घरी येऊन म्हटलं. मंगळवार होता, त्यामुळे उत्तर मिळालं.

"मग नवीन घाल. माझे सोमवार संपायचेत अजून."

\*

नवा लायनर बसला आणि माझी शिकवणी सुरू झाली. दोन्ही ब्रेक एकदम दाबायचे, पण हळूच. हँडल सरळ असताना दाबायचे, वाळूवर किंवा वळणावर पुढचा आवळायचा नाही. संध्याकाळी मी गल्लीत फेऱ्या मारायची. माई फाटकाशी खुर्ची टाकून वाती वळत बसायच्या.

"उजवा! अगं उजवा!"

उजवा हात काही केल्या आवळला जाईना. आयत्या वेळी डावाच धावायचा.

"नैवेद्य दाखवताना बरा उजवा पुढे येतो तुझा," माई म्हणाल्या. "तेव्हा कोण सांगतं?"

\*

शेवटच्या आधीचा सोमवार. आदल्या दिवशी साताऱ्याहून फोन आला होता, अक्का वॉकर धरून उभी राहिली म्हणून. माई रात्रभर जपमाळ घेऊन बसल्या होत्या. म्हणजे आता काही झालं तरी सोमवार मोडायचा नव्हता.

पुलावरून उतरताना खाली रस्त्याच्या मधोमध एक सांड उभा दिसला. माईंनी डावा खांदा दाबला. मी डावी मूठ आवळली, ती सरळ हँडलला टेकली. काहीच झालं नाही. मागच्या ब्रेकची केबल तुटली होती.

माईंनी पुन्हा डावा खांदा दाबला. मी पुन्हा डावी मूठ आवळली. सांड मोठा मोठा दिसायला लागला. आता ह्या ओरडणार, मला वाटलं, आणि ओरडल्या की अक्काचे सगळे सोमवार गेले. ओरडल्या नाहीत तर आम्ही गेलो.

डाव्या खांद्यावरचा हात उचलला गेला. मग माझा उजवा खांदा दाबला गेला, दर सोमवारी कडुनिंबापाशी दाबला जातो तसा, शांतपणे.

माझी उजवी मूठ आपोआप आवळली. स्कूटरने पुढे मान घातली आणि थांबली. सांडाच्या शेपटीचा गोंडा माझ्या हेल्मेटवरून फिरला. मागून शुभावहिनी दोन्ही चपला घासत आल्या. माई उतरल्या, त्यांनी सांडाला हात जोडले आणि देवळाच्या दिशेने चालायला लागल्या. मी स्कूटर ढकलत मागून.

दर्शन झालं. पिंडीवर पाणी घातलं, बेल वाहिला. सभामंडपात येऊन माई खांबाला टेकून बसल्या. आता त्या बोलणार म्हणून मी आणि शुभावहिनी समोर बसलो.

माईंनी पदराने कपाळ टिपलं.

"सुधा," त्या म्हणाल्या, "एवढा उजवा खांदा दाबला तुझा, तरी फुलं घ्यायची राहिलीच."