शिशावरचा श्वास

कालव्याच्या कडेनं आम्ही निम्मी वाट चालून आलो होतो, तरी धाकट्या नणंदेनं तोंड उघडलं नव्हतं. मला त्याचं नवल नव्हतं. प्रयोगशाळेत तिला सगळे मौनीबाईच म्हणतात.

बावीस वर्षं ती मेंदूच्या चकत्या रंगवते आहे. चकती इतकी पातळ, की नुसत्या डोळ्याला दिसली तर दिसली. मसुराएवढ्या तांब्याच्या जाळीवर ती घ्यायची आणि बशीतल्या शिशाच्या पाण्याच्या थेंबावर पालथी घालायची. शिसं चेतापेशींच्या कडांना धरतं, तेव्हा कुठे त्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली उठून दिसतात. पण त्या थेंबाला माणसाचा श्वास लागला, की दूध नासावं तसं ते पाणी नासतं आणि चकतीवर काळे ठिपके बसतात. म्हणून बशीवर झाकण आणि तोंडाला कुलूप. मी रोज देवापुढे बसते, पण तिच्यासारखं गप्प बसणं मला अजून जमलेलं नाही.

पुलाजवळ आल्यावर ती बोलायला लागली. मोठ्या साहेबांनी पाहुण्यांना दाखवायला झाकण काढलं आणि बशीवर वाकून चांगलं दहा मिनिटं व्याख्यान झोडलं. त्या चकतीवर ठिपके आले. साहेबांना वाटलं, आजारी पेशीत काही नवीनच सापडलं. हिनं त्याच तुकड्याची दुसरी चकती कापून, तोंड मिटून रंगवली. एक ठिपका नाही. दोन्ही फोटो तिनं त्यांच्या टेबलावर ठेवले. त्यांनी दुसरा बाजूला सारला आणि रंगकाम स्वच्छ झाल्याच्या कागदावर तिची सही मागितली. उद्या दहापर्यंत सही झाली नाही, तर बावीस वर्षांचं काम सोडून बाटल्या धुवायला जायचं.

“मग काय ठरवलंस?”

“बाटल्या धुवीन. साहेबांच्या तोंडची वाफ पेशंटच्या मेंदूत घालणार नाही.”

मला हसू आलं, तरी म्हटलं, थोडं नमतं घे गं, देव बघतोय सगळं.

“बघतोय ना, वहिनी? म्हणूनच सही नाही.”

मग पर्समधून तिनं कोरा कागद काढला आणि पुलाच्या कठड्यावर माझ्यापुढे धरला. “माझं अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग. तुमचं सुवाच्य आहे. मी सांगते ते लिहून द्या, उद्या सहीऐवजी साहेबांना हेच पत्र देते. ठिपके कुणाच्या श्वासाचे, ते सरळ लिहा. आणि पत्राच्या शेवटी ‘क्षमस्व’ लिहायची तुमची सवय आहे, तेवढी आज मोडा.”