मधूमामाचे ड्रम ऐकायला ग्वाल्हेरला

डिसेंबरातला दुसरा शनिवार. ग्वाल्हेर, हरिशंकरपुरम. हजर: मधूमामा, शैलामामी, मामाचे थोरले भाऊ नानामामा आणि मी. काम एकच: मामाला त्याचे स्वतःचे ड्रम ऐकवणे.

पुण्याहून निघालेली गाडी धुक्यामुळे पाच तास उशिरा पोचली. उतरताना कॅसेट प्लेअरची पिशवी दाराला आपटली आणि आतलं चाकं फिरवणारं रबर तुटलं. आधी नई सडक गाठली. तिथल्या दुरुस्तीवाल्याने प्लेअर उलटा-पालटा केला. ‘‘मॅडम, ये तो अजायबघर का माल है!’’ म्हणत दुसऱ्या एका मेलेल्या यंत्राचं रबर काढून बसवून दिलं. शेजारच्या गाडीवर बेढई (डाळ भरलेली जाड पुरी) उभ्यानेच खाल्ली आणि दौलतगंजात नानामामांकडे गेले. मामाच्या कार्यक्रमांत त्यांनीच टेप केलेल्या कॅसेटी त्यांच्याकडे होत्या. अकरा, पत्र्याच्या डब्यात, प्रत्येकीवर गावाचं आणि हॉटेलाचं नाव.

‘‘एकीलाही बुरशी लागू नाही दिली,’’ ते म्हणाले. डबा मांडीवर घेऊनच ते माझ्याबरोबर मामाकडे जायला सवारी टेम्पोत बसले.

मामाबद्दल थोडं सांगायला हवं. लग्नाच्या बँडवाल्यांच्या दारात बसून त्याने हात बसवला, जॅझ रेडिओवर ऐकून उचललं. गुरू नाही. मग दिल्लीची हॉटेलं, कलकत्त्याची रेस्तराँ, दोन वर्षं जहाजावर. या संगीतात सगळे मिळून आधी धून वाजवतात, मग एकेक जण एकट्याने, त्या क्षणी सुचेल ते. मामाची पाळी शेवटी यायची. एकदा वाजवलेलं तो पुन्हा वाजवत नसे. स्टुडिओत त्याला कुणी बोलावलं नाही. दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला आणि डावा हात गेला. ‘‘वाजवताना काही ऐकू येत नाही ग, हात चालत असतो,’’ तो फोनवर म्हणाला होता. ‘‘एकदा समोर बसून ऐकायचंय.’’ म्हणून मी आले.

‘‘आली का? लिस्ट आणलीच असेल!’’ पलंगावरून मामा.

‘‘चाय घे पहले, मग लिस्ट,’’ मामी.

पहिली कॅसेट लावली. सॅक्सोफोन, पियानो, मागे ग्लासांची किणकिण. मामाने डोळे मिटले. पियानो थांबला तसा त्याचा उजवा हात रजईवर उचलला गेला. ‘‘आता मी.’’

खट्. आणि एकदम दुसरीच धून सुरू झाली.

मी मागे नेऊन पुन्हा लावली. खट्. रबर सरकत असेल म्हणून उघडून पाहिलं. दुसरी कॅसेट लावली, तिसरीही. तिथेच खट्.

‘‘टेप खराब नाहीये ग,’’ नानामामा म्हणाले. ‘‘गाणं संपलं की मी बटण दाबायचो. टेप पूर्ण प्रोग्रामला पुरायला पाहिजे ना.’’

‘‘नाना, गाणं कुठे संपलं होतं?’’

‘‘मग? सगळ्यांनी वाद्यं खाली ठेवली. तू एकटाच ठोकत होतास.’’

नानामामांचा कान ग्वाल्हेरच्या बैठकांमध्ये तयार झालेला. तिथे तबला साथीला. गवई दम घेतो तेवढ्यात तबलजीने दोन तुकडे वाजवावेत, ऐकणाऱ्यांनी तेवढ्यात पान लावावं. भावाचं वाजवणं जपायला ते दिल्लीपर्यंत टेपचं मशीन घेऊन जात, आणि त्याची पाळी आली की मशीन बंद करत.

‘‘एकही नाही?’’ मामाने विचारलं.

‘‘नानाजी, तुम्ही पण कमाल करता!’’ मामीचा आवाज चढला.

‘‘त्याला नको बोलू. घरातून एक तोच तर यायचा ऐकायला.’’

मला वाटलं, आता पुरे. मामाने अकराही लावायला लावल्या. दर वेळी खट् झालं की म्हणायचा, ‘‘पुढची.’’ नानामामा डब्याचं झाकण घट्ट धरून भिंतीकडे बघत बसले होते. जेवायला थांबले नाहीत.

रविवारी मामाने मला जुन्या साथीदारांची सात नावं सांगितली. जीभ जड झालीय, एकेक नाव दोनदा विचारून लिहून घ्यावं लागलं. ‘‘कुणीतरी टेप केलं असेल. बघ तू. तुझ्या हातून काम सुटत नाही.’’ स्टेशनवर नानामामा गजक (तिळगुळाची खुसखुशीत वडी) घेऊन आले. गाडी हलली तरी खिडकीबरोबर चालत होते. ‘‘एक जरी मिळालं ना, आधी मला सांग.’’

परत येऊन तीन आठवडे झाले. सातांपैकी चौघे गेले. दोघांकडे काही नाही. कलकत्त्याचे पियानोवाले काल सापडले. मामाचं नाव घेताच ते मोठ्याने हसले, मग बराच वेळ बोलत राहिले. त्यांच्याकडेही टेप नाही. ‘‘रोज रात्री वाजवायचा, टेप कशाला करायचं?’’ म्हणाले.

कामं नावापुढे खूण करत संपवायची, ही माझी सवय. सातही नावांपुढे खूण झाली. मामीचा आज दोनदा फोन येऊन गेला. मी उचलला नाही.

मामाला कळवणे: बाकी.