आई भेंडीचं पाणी प्यायली

मागच्या रविवारी सकाळी, दिंडोशीच्या घरात, माझी आई भेंडीचं पाणी प्यायली. ग्लासभर... तळ दिसेपर्यंत.

आईला अल्झायमर आहे आणि मला गुगल करत बसायचा रोग. वाचता वाचता कळलं की काही वनस्पतींमधल्या पॉलिसॅकराइड्सवर संशोधन चालू आहे, मेंदू जपायला त्यांचा उपयोग होईल का म्हणून. भेंडीचा बुळबुळीतपणा, डिंक, मेथी... सगळी त्यातलीच मंडळी.

डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, हे सगळं अजून उंदरांपर्यंतच आहे, पुढेमागे औषध होईलही, पण आज नाही. भेंडी द्या हवी तर, गोळ्या बंद करू नका. मी त्यातलं 'होईलही' तेवढं उचललं आणि मंडईत गेले.

आता खरी पंचाईत. आमची आई मालवणकडची, आणि बुळबुळीत गोष्टींशी तिचं जन्माचं वैर. भेंडी एकेक पुसून चिरायची, आमसूल घालून तार पार मोडेपर्यंत परतायची. बाबांच्या शुगरसाठी मी एकदा हेच पाणी केलं होतं, तिलाही घे म्हटलं, तर नाक मुरडून म्हणाली होती, "ह्यां बुळबुळीत माका मेल्यार पाज गो."

म्हणून रविवारी मी पूर्ण तयारीत होते. लिंबू, गूळ, वर थोडी दमदाटी... भांडण होणार हे धरूनच चालले होते. खरं सांगू, त्या भांडणाची मला जरा हौसच होती.

तिने ग्लास घेतला आणि शांतपणे पिऊन टाकला. ओठाला लोंबलेली तार पदराने पुसली आणि अगदी पाहुण्यासारखं हसून मला म्हणाली, "बरां आसा. तुमीपण घेवा."

तुमी... मला. जन्मभर 'गो' म्हणून हाक मारणाऱ्या बाईने.

मी किचनमध्ये जाऊन नळ सोडला आणि खूप रडले. मेल्यावर पाज म्हणाली होती, तसं तेव्हाच पाजलं, पण ज्या आईला पाजायचं होतं ती कधी निघून गेली तेच मला कळलं नाही.

भेंडी अजून रोज भिजत घालते. पॉलिसॅकराइडचं काय व्हायचं ते होवो, मला आता त्यातून फार काही नकोय... रोज ग्लास तिच्या हातात देते आणि तिच्या नाकाकडे बघत बसते, मुरडतंय का.