केवळरामने पाडलेले वाटे

केवळराम ढिवराला राग आधी यायचा, कारण तो मागाहून शोधायचा. जाळं गुंतलं की जाळ्यावर चिडायचा, नाही गुंतलं तर माशांवर. बायको वच्छला म्हणायची, "इतका राग चुलीत घातला असता त मले रानात लाकडाले जा लागलं नसतं."

पण सत्तावन्न सालच्या माघात त्याला जो राग आला, त्याला कारण होतं, आणि ते नागपूरहून आलं होतं.

नागपूरचे संशोधक गुणवंतराव बल्लारपूरच्या खाली वर्धा नदीच्या काठी दगड शोधायला आले होते. लोखंड ठाऊक नसलेल्या माणसांनी हजारो वर्षांपूर्वी घडवलेले दगड. कशानं मांस कापायचं, कशानं कातडं खरवडायचं. त्यांनी दोऱ्या बांधून काठावर पाच चौकोन आखले, प्रत्येकात एक ढिवर उतरवला, एकेक टोपली दिली आणि बजावलं, "ज्या चौकोनातला दगड, त्याच चौकोनाच्या टोपलीत." सगळ्यांनी माना डोलावल्या. रोज सांजेला गुणवंतराव येऊन टोपल्या तपासून वहीत टिपून ठेवत.

केवळरामच्या चौकोनात दगडच दगड. तळपायाला गाळातला झिंगा कळणारा माणूस तो, त्याला गोट्यांतला घडवलेला गोटा कळायला कितीसा वेळ? पत्रूच्या चौकोनात मात्र नुसती वाळू.

महिन्याच्या शेवटी गुणवंतराव भलतेच खुशीत. पाचही टोपल्यांत सत्तावीस-सत्तावीस दगड! चहाची बशी हातात धरून ते म्हणाले, "केवळराम, हे दगड घडवणाऱ्या माणसांनी जागा आपसांत सारखी वाटून घेतली होती. कोणी मोठा नाही, कोणी लहान नाही. यावर मी लेख लिहिणार आहे."

"त्यायनं नाई वाटलं साहेब," केवळराम म्हणाला, "मी वाटलं."

"म्हणजे?"

"सांजेले तुमी याच्या आधी आमी वाटे पाडतो ना जी. माह्या खड्ड्यात लय सापडते, पत्रूले एक नाई. तो काय रिकामी टोपली घेऊन तुमच्यापुढं उभा राह्यन?"

बशी कलंडली. चहा धोतरावर.

तळ्यावर जाळं ओढून झालं की सारे मासे एका जागी ओतायचे आणि सारखे वाटे पाडायचे, ही ढिवरांची रीत. तापानं घरी पडलेल्याचाही वाटा निघतो. मरळ कोणाच्या हाती लागली हे विचारणं म्हणजे हलकटपणा. ही रीत नागपुरात कोणी शिकवली नव्हती.

"महिनाभराचं काम मातीत घातलंस!" गुणवंतराव ओरडले. "कुठला दगड कुठं होता हेच गेलं, मग उरले काय, गोटे! फेका सगळे नदीत! चोरानंसुद्धा एवढं नुकसान केलं नसतं!"

"चोर?" केवळराम उठलाच. "आमच्यात जो एकटा आपली टोपली भरते ना, त्याले चोर म्हनते!"

"केवळरामभाऊ, बसा जी," पत्रू मध्ये पडला.

"तू गप! तुह्याच पायी ऐकून राह्यलो हे! आन साहेब, गेलं म्हनता, काय गेलं? मले इचारलं तुमी?"

त्यानं पाचही टोपल्या जमिनीवर पालथ्या केल्या आणि एकेक दगड उचलून ओरडू लागला. "हा तिसऱ्या दिवशीचा, ढोपराइतका खोल, मोठ्या धोंड्याले लागून. हा त्याच्याच खाली. हे तीन चौथ्या खड्ड्यातल्या पोचूचे, खरे पोचूचे. बाकीचे माह्ये!" कुठल्या डोहात कुठला मासा लागला हे वर्षानुवर्षं न विसरणारा माणूस, दगड तर पळतही नाहीत.

"पण तुझ्या तोंडच्या सांगण्यावर मी विश्वास कसा ठेवू?"

"नका ठेवू! खना! त्या धोंड्यापाशी बारके तुकडे होते. तुमीच पुरे म्हनलं, म्हनून थांबलो!"

दुसऱ्या दिवशी सकाळी खणलं. खणत पत्रू होता. केवळराम काठावर उभा राहून नदीला, कुदळीला आणि नागपूरला शिव्या देत होता. वीतभर खाली दगड घडवताना उडालेल्या कपच्यांचा थर लागला. गुणवंतराव गुडघ्यांवर बसले आणि बोटांनी वेचू लागले. अकरावी कपची त्यांनी केवळरामच्या एका दगडाला लावून पाहिली. डब्यावर झाकण बसावं तशी बसली. मग आणखी एक बसली.

"एकाच जागी, धोंड्याला पाठ टेकून घडवलेत," ते हळूच म्हणाले.

"त काल काय बोंबलून राह्यलो होतो मी?"

"केवळराम, कालचा तो शब्द मी मागे घेतो."

गुणवंतरावांनी वही उघडली आणि मोठ्यानं म्हणत लिहिलं, "जागा केवळराम ढिवर याच्या सांगण्यावरून; पडताळा कपच्यांवरून."

झालं, पुन्हा भडकला. "एकट्याचं नाव काऊन? पाच जन उतरलो ना खड्ड्यात?"

"अरे, पण पत्रूला एकही दगड सापडला नाही!"

"त मंग? तिथी काईच नाई, हे कोनाच्या मेहनतीनं समजलं? तुमच्या का?"

गुणवंतरावांचा टाक थांबला. ते उठून पत्रूच्या रिकाम्या चौकोनापाशी जाऊन आले. मग त्यांनी पाचही नावं लिहिली, आणि पत्रूच्या नावापुढे लिहिलं, "पूर्ण खणलं. एकही नाही."

शाई वाळेपर्यंत केवळराम कमरेवर हात ठेवून तिथंच उभा होता.