ऑर्गनला पाय लावताना

अमेरिकेत आम्ही राहतो त्या बेलव्ह्यूपासून तासाभरावर एक जुनं थिएटर आहे. मूकपटांच्या काळात तिथे एकच वादक भल्यामोठ्या पाइप ऑर्गनसमोर बसून गाणी, गडगडाट, घोड्यांच्या टापा, सगळं वाजवायचा. बोलपट आले आणि ऑर्गनची दातखीळ बसली. नागपूरला असताना मी पेटी वाजवायचे, तेवढ्या भांडवलावर त्याच्या दुरुस्तीच्या कामात घुसले. नवरा म्हणाला, "यार, शनिवारी लॉन्ड्री कोण करणार?" मी म्हटलं, "तू."

आमचे म्होरके म्हणजे ऐंशी ओलांडलेले एक अमेरिकन सुतार. मी त्यांना काका म्हणायचे आणि ते ओ द्यायचे. त्यांचे कान जात चालले होते, नातवंडांचं बोलणं तर केव्हाच ऐकू येईनासं झालं होतं. पूर्ण बहिरं होण्याआधी हा ऑर्गन एकदा ऐकायचा, एवढाच त्यांचा हट्ट. पाइप पुसण्यात आणि भात्यांचं फाटकं चामडं बदलण्यात आमचे दोन वर्षांचे शनिवार गेले.

माझी पंचाईत वेगळीच होती. ऑर्गनचे खर्जातले सूर पायांनी, लांब लाकडी पट्ट्या दाबून वाजवतात. आणि मी पेटीला चुकून पाय लागला तरी नमस्कार करणारी. साफसफाई करताना पट्टीला पाय लागला की मी हात लावून कपाळाला न्यायचे. काकांना वाटलं, मी लाकडाची ओल तपासते. तेही तसंच करू लागले, वर नव्या लोकांनाही शिकवू लागले. खरं सांगायची मला लाज वाटली.

चाचणीच्या सकाळी काका वाजवायला बसले, पण गुडघे दाबच देईनात. म्हणाले, "पायांचं तू वाजव." मी आढेवेढे घेतले. शेवटी कारण सांगितलं, तेही ओरडून, म्हणजे सगळ्या थिएटरने ऐकलं.

काका पोट धरून हसले. "म्हणजे मी इतके दिवस लाकडाच्या पाया पडतोय. बरं, माफी माग आणि बस."

बूट काढून, नमस्कार करून मी शेजारी बसले आणि पट्टीवर पाय नुसता टेकवला. काकांनी सुरावट सुरू केली. सूर इतके स्वच्छ लागले की मला हसूच फुटलं. काकांचा चेहरा मात्र कोरा होता. बोटं चालत होती, पण डोळे मला विचारत होते, वाजतंय ना? मी अगदी डावीकडची, सगळ्यात खर्जातली पट्टी जोरात दाबली. बाक थरथरला, मागच्या खुर्च्या थरथरल्या. काकांचे हात थांबले.

"हा सूर आला," ते म्हणाले. "वरचं काहीच नाही आलं. हा आला. पाय उचलू नकोस."

मी उचलला नाही.